टाळूतला निवडुंग

दाताच्या दवाखान्यात पुढच्या बाजूला खुर्ची असते, तोंडावर येणारा दिवा असतो, भिंतीवर पांढऱ्याशुभ्र दातांनी हसणाऱ्या बायकांची चित्रं असतात. मागच्या बाजूला काय असतं हे सहसा कुणाला माहीत नसतं. या दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली होती आणि त्या खोलीत कवळीकाका बसत.

काका कवळ्या करत. डॉक्टरीणबाई पुढे पेशंटच्या तोंडाचं माप मऊ लगद्यात उतरवून घेत आणि ते ओलं माप मधल्या खिडकीतून आत सरकवत. काका त्यात प्लास्टर ओतत. प्लास्टर आवळलं की त्या माणसाचा बिनदातांचा जबडा, हिरड्यांच्या सुरकुत्यांसकट, टेबलावर येऊन बसे. त्या साच्यावर मग मेण, मेणात दात, आणि पुढचं सगळं शिजवणं, घासणं, चमकवणं. गावातली अर्धी म्हातारी माणसं काकांच्या दातांनी हसत, काकांच्या दातांनी भांडत आणि झोपताना काकांचेच दात पेल्यात बुडवून ठेवत.

स्वतः काका मात्र तोंड उघडायची वेळ येऊ नये अशाच बेतानं जगत आले होते. "हं", "बरं" आणि "बघतो" एवढ्या शब्दांवर त्यांचा सगळा संसार चालला होता. बायको म्हणे, "आयुष्य लोकांच्या तोंडात घातलं, स्वतःच्या तोंडाचं उद्घाटन तेवढं राहिलं."

काका म्हणत, "हं."

अशा माणसाला छंद लागला तोही न बोलणाऱ्या वस्तूचाच. एकदा कवळी घासून घ्यायला आलेल्या एका आजोबांच्या लोकरी शालीला कोपरापाशी काहीतरी चिकटलेलं काकांना दिसलं. बोटाच्या पेराएवढं हिरवं बोंड, त्यावर पांढऱ्या बारीक काट्यांच्या चांदण्या. काकांनी ते चिमट्यानं अलगद सोडवलं.

"अरेच्चा," आजोबा म्हणाले, "हे आमच्या खिडकीतलं. निवडुंग आहे तो. नुसता वारा लागला तरी पिल्लं गाळतो. बायको म्हणते घरात चालायची सोय राहिली नाही. टाकून द्या."

टाकून देणं काकांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी ते पिल्लू खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि कामाच्या गडबडीत विसरून गेले. आठवण झाली तेव्हा पिल्लाची तुटलेली बाजू सुकून तिला खपली धरली होती. आता हे लावायचं कशात? हाताशी कुंडी नव्हती, पण फडताळावर जबडे भरपूर होते.

नियम असा होता की कवळी नीट बसली, पेशंट खूश होऊन गेला, की साचा फोडून टाकायचा. काकांचा जीव होत नसे. एवढी बारकाईनं उतरलेली हिरडी फोडायची म्हणजे काय! म्हणून फडताळावर खालपासून वरपर्यंत गावाचे जबडे रचून ठेवलेले होते. त्यातला वरच्या जबड्याचा साचा उताणा ठेवला की टाळूच्या जागी आयता खळगा तयार. काकांनी एक साचा घेतला, टाळूला तळाशी भोक पाडलं, आतून उरल्यासुरल्या मेणाचा हात दिला म्हणजे ओलीनं प्लास्टर झिजू नये, आणि कवळ्या घासायची जाडी प्युमिस पूड विटेच्या चुऱ्यात कालवून त्यात भरली. पिल्लू खुपसलं नाही, नुसतं वर टेकवलं. पाणी दिलं नाही. पुष्कळ दिवसांनी चिमट्यानं हळूच ओढून पाहिलं तर पिल्लानं जागा धरली होती. मग कुठं चमचाभर पाणी.

पुढे काकांच्या लक्षात आलं की हा निवडुंग जणू त्यांच्या खोलीसाठीच जन्माला आला आहे. पिल्लं वेगळी करायला बारीक चिमटा होता. काट्यांतली धूळ झाडायला जुने टूथब्रश होते. एकदा बोंडांच्या बेचक्यांत कापसासारखी पांढरी कीड दिसली, तर दिव्यातलं स्पिरिट ब्रशला लावून काकांनी ती दात घासल्यासारखी घासून काढली. हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद, एरवी माती ठणठणीत कोरडी झाल्याखेरीज थेंब नाही, आणि खिडकीतलं ऊन. एवढ्यावर रोप फुगत जाई, कडेनं पिल्लं सोडी, पिल्लांना पिल्लं फुटत, आणि बघता बघता टाळू भरून काटेरी गुच्छ हिरड्यांवरून बाहेर ओसंडू लागे.

इथपर्यंत सगळं निरागस होतं. पण न बोलणाऱ्या माणसाच्या आत बोलण्याचा साठा होतोच, आणि तो कुठूनतरी वाट काढतो. काका पिल्लू लावायला साचा निवडू लागले.

एक चिकट गृहस्थ होते, कवळी नेताना पेशंटला फुकट मिळणारी डबी दोनदा मागून नेणारे. त्यांच्या जबड्यात लावलेल्या रोपानं कितीतरी महिने एकही पिल्लू बाहेर सोडलं नाही. काकांना नवल वाटलं नाही. एक निवृत्त शिक्षिका होत्या, माप घेताना तोंडात लगदा असतानासुद्धा ज्या बोलत असत. त्यांच्या टाळूत पिल्लांवर पिल्लं, थांबायचं नावच नाही. कुणी खेकसून गेलं, कुणी टोचून बोललं, की काका "बरं" म्हणत आणि तो माणूस गेल्यावर त्याचा साचा खाली काढत. शोकेसमधल्या बाहुल्या दाखवाव्यात तसे ते पेशंट डॉक्टरीणबाईंना दाखवता आले असते, पण काकांनी हा विनोद कधी कुणाला सांगितला नाही. बघणाऱ्यांना त्या पांढऱ्या, एका बाजूनं गोल आणि दुसऱ्या बाजूनं सरळ कापलेल्या विचित्र कुंड्या वाटत.

आता विहीणबाईंकडे यायला हवं.

काकांच्या मुलीनं आपलं लग्न आपणच ठरवलं आणि दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा भेटायची वेळ आली. दार उघडलं मुलाच्या आईनं. ती हसून "या" म्हणाली आणि तिथंच थिजली. काकाही थिजले. चेहरा त्यांनी ओळखला नाही, चेहरे त्यांच्या लक्षात राहतच नसत. पण ते हसू! वरचे पुढचे दोन दात एकमेकांकडे किंचित झुकलेले. बाईंनी हट्टच धरला होता की दात अगदी सरळ नकोत, नाहीतर लोक ओळखतील. त्या दोन दातांपायी काकांनी मेण तीन वेळा वितळवलं होतं.

बाईंनी ओठावर आलेला केस बाजूला सारावा तसं बोट ओठांवर ठेवलं. काकांनी मान हलवली. सोयरीक तिथंच पक्की झाली म्हणायची.

कारण विहीणबाईंचे दात कवळीचे आहेत हे त्यांच्या पोटच्या पोरालासुद्धा ठाऊक नव्हतं. तो परगावी नोकरीला असताना त्यांनी गुपचूप हे उरकून घेतलं होतं. चारचौघांत त्या सफरचंद न कापता थेट दातांनी फोडत आणि चाकू मागणाऱ्यांकडे दयेनं बघत. त्या सफरचंदाला भिडल्या की काकांचा श्वास अडके, सफरचंदाबरोबर आपलं काम बाहेर येतं की काय! पण काम चोख होतं. जागचं हलत नसे.

विहीणबाई वाईट नव्हत्या. जीभ तेवढी तिखट. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सगळ्यांसमोर त्या काकांना म्हणाल्या, "तुमच्या लेकीला टॉवेलाची घडी घालता येत नाही हो. आईनं दाखवलं नाही की बापानं सांगितलं नाही? पण बाप काय सांगणार म्हणा! त्यांना बोलायला यायला हवं ना."

सगळे हसले. काकाही हसले. मुलगी तेवढी हसली नाही, तिनं टॉवेल उचलला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी विहीणबाईंचा वरचा जबडा खाली काढला. उजवीकडे अगदी मागं त्यांच्या हाडाला सुपारीएवढा उंचवटा होता. कवळी बसवताना त्यानं फार छळलं होतं. काकांनी त्या सुपारीला धक्का न लावता टाळूला भोक पाडलं, पूड भरली आणि फडताळावरचं सगळ्यात दणकट पिल्लू निवडून वर टेकवलं. जिथून काटे येतात तिथं काटे. मग चमचाभर पाण्याचा दिवस येईपर्यंत ते रोज त्याच्याकडे बघून मनाशीच हसत.

ते रोप फळाला आलं म्हणजे किती यावं! दीड-दोन वर्षांत गुच्छ असा भरला की टाळू दिसेना. बाजूनं फिकट पिवळी फुलंही येऊन गेली. विहीणबाईंचं तोंड एवढं देखणं कधीच दिसलं नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंनी मागची खोली रंगवायला काढली. "काका, फडताळ रिकामं करा. त्या कुंड्या घरी न्या थोडे दिवस." काकांनी कुंड्या खोक्यात भरून घरच्या बाल्कनीत मांडल्या. बायको खूश झाली. "अगंबाई, किती गोड! आणि हे इतके दिवस त्या अंधाऱ्या खोलीत ठेवलंत?" काकांना बरं वाटलं. इथंच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

त्या आठवड्यात काका कामावरून आले तर बायको साडी बदलून चहा करत होती. मुलीच्या घरची माणसं नव्या घरात राहायला गेली होती, तिथूनच ती आली होती.

"घर छान आहे," ती म्हणाली. "हवेशीर. विहीणबाईंची खोली तर पूर्वेची. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तुमची एक कुंडी नेली."

काका बशीत चहा ओतत होते. "कोणती?"

"ती हो, सगळ्यात भरलेली. कडेला सुपारीसारखं काहीतरी आहे ती. विहीणबाईंना इतकी आवडली! हातात घेऊन कितीतरी वेळ न्याहाळत होत्या. म्हणाल्या, 'ही मी माझ्या खिडकीत ठेवणार.' अहो, चहा सांडतोय!"

चहा बशीतून विजारीवर, विजारीवरून फरशीवर गेला. बाईंनी ओळखलं असेल तर? जन्मभर जपलेलं गुपित त्यांच्याच खिडकीत ठेवलं गेलं होतं, त्यात माती घातलेली, वर काटे उगवलेले. आणि वेळ तरी कोणती! मुलीला तिच्या जुन्या औषधांच्या दुकानातून बोलावणं आलं होतं. बाळ झाल्यावर तिनं काम सोडलं होतं, आता मालक पुन्हा ये म्हणत होता आणि महिनाअखेर उत्तर मागत होता. सगळं अडलं होतं विहीणबाईंवर. बाळ दिवसभर त्यांनी सांभाळायला हवं. त्या म्हणाल्या होत्या, "बघू." मुलगी रोज फोनवर आईला तेवढंच सांगे, "अजून 'बघू'च आहे." या कुंडीपायी त्या "बघू"चं "नाही" झालं तर लेकीच्या कामाला पुरता सुरुंग लागणार होता. आणि तो लावणारा तिचा मुका बाप.

काका स्वतः जाऊन ती कुंडी आणायची असं ठरवून मोकळे झाले. सबबही सापडली. प्लास्टर पाण्यानं झिजतं, म्हणून मातीच्या कुंडीत लावून देतो. वाक्य छोटं होतं. तरी वाटेत ते त्यांनी इतक्या वेळा घोकलं की पिशवीतली मातीची कुंडी आणि विटेचा चुरा सांभाळत पुटपुटत जाणाऱ्या या गृहस्थाला पाहून एका बाईनं आपल्या मुलाला जवळ ओढलं.

दार मुलीनं उघडलं. "बाबा? एकटेच? आई बरी आहे ना?"

"हं."

"मग?"

"कुंडी," काका म्हणाले.

विहीणबाई आपल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. बाळ पलीकडे पाळण्यात झोपलं होतं. खिडकीत, चष्म्याच्या घराशेजारी, त्यांचा जबडा उन्हात बसला होता. आतला गुच्छ भलताच टवटवीत दिसत होता.

"या, या व्याहीबुवा! आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

काकांनी घोकलेलं वाक्य काढायला तोंड उघडलं. बाहेर आलं एवढंच, "विरघळते."

"कोण विरघळतं?"

"प्लास्टर. पाण्यानं."

"आई, बाबा म्हणताहेत ही कुंडी प्लास्टरची आहे, ते मातीच्या कुंडीत लावून देतील," मुलीनं उलगडा केला. तिला सवय होती.

"काही नको," विहीणबाई म्हणाल्या. "इतके दिवस नाही विरघळली, ती आता माझ्या खिडकीत येऊन विरघळेल होय?"

एरवी काका इथंच "बरं" म्हणून परतले असते. पण महिनाअखेर जवळ आली होती. त्यांनी कधी नव्हे ते धाडस केलं. पुढे होऊन सरळ कुंडी उचलली. या निवडुंगाला घाईची उचल सोसत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी ते विसरले. बाही गुच्छावर घासली आणि पिल्लंच पिल्लं सुटून त्यांच्या स्वेटरला लटकली. काही मनगटापाशी, काही कोपरावर, एक थेट छातीवर बिल्ल्यासारखं.

"बाबा, हलू नका! अगदी हलू नका!" मुलगी हसत एकेक सोडवायला लागली.

"ठेवा ते खाली," विहीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण काकांनी कुंडी ठेवली. "माझं आहे ते." मग सुनेकडे वळून, "तू चहा टाक बघू. आलं किसून घाल. आणि सावकाश उकळू दे, मागच्या वेळी नुसतं पाणी होतं."

मुलगी गेली. 

विहीणबाईंनी बोट पुढं करून कुंडीच्या कडेची सुपारी चाचपली. त्याच वेळी त्यांचा उजवा गाल आतून किंचित फुगला. जीभ त्याच जागी फिरत होती.

"रोज फिरते ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पहिल्यांदा इथंच टोचत होतं. तुम्ही या साच्यावर पेन्सिलीनं खूण करून मला दाखवलं होतं. आठवतंय?"

"हं."

"'हं' काय? माझ्या टाळूत माती भरलीत तुम्ही!"

काहीतरी बोलायलाच हवं होतं. "माती नाही," ते म्हणाले. "प्युमिस. आणि विटेचा चुरा."

विहीणबाईंचे ओठ थरथरू लागले. आता या रडणार किंवा ओरडणार, काकांना वाटलं, आणि ते दाराकडे बघू लागले. पण बाईंना हसू फुटलं. दाबता दाबता मोठं फुटलं, आणि फुटताच त्यांनी चटकन तळहात तोंडावर दाबला. काकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. वरची कवळी खाली आली होती.

"सैल झालीये," काका म्हणाले. या विषयावर त्यांना शब्द शोधावे लागत नसत.

"हळू बोला!" बाईंनी कवळी जागेवर बसवली आणि स्वयंपाकघराकडे कान दिला. तिकडे आलं किसल्याचा आवाज येत होता. "कधीचीच झालीये. हसायची चोरी, शिंकायची चोरी. सफरचंदाचं तर नाव काढत नाही. पित्त होतं म्हणून सांगितलंय घरात."

"आला का नाहीत?"

"आता येऊ कशी? पूर्वी मागच्या दारानं येत होते, कुणी विचारत नव्हतं. आता निघाले की सूनबाई म्हणते, 'आई, मी येते सोबत.' फार गुणाची आहे हो, तेच तर नडतं." त्या थांबल्या. पाळण्याकडे बघून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि हे पात्र! अंगावर घेतलं की याचा पहिला हात माझ्या तोंडात. परवा अशी मुठीत धरून ओढली, मी पाठ फिरवली म्हणून वाचले. दिवसभर सांभाळायचं म्हणजे एक दिवस हा सगळ्यांसमोर आजीचे दात हातात घेऊन हसणार. मग सांगा, काय म्हणू मी 'बघू'शिवाय?"

घरातली माणसं त्या "बघू"चे काय काय अर्थ लावून बसली होती. सासूला सुनेची नोकरी बघवत नाही इथपर्यंत त्यांच्या बायकोची मजल गेली होती. आणि खरी अडचण होती हिरडीत.

"जबडा झिजतो," काका म्हणाले. "नवं माप लागेल. नवी करू. बाळ लोंबकळलं तरी निघायची नाही."

"आणि सोबतीचं काय?"

काकांनी खिडकीकडे बोट केलं. "निवडुंगाचं शिकायला येता म्हणून सांगा. माझ्याकडे." मग त्यांना पुढची अडचण सुचली. "ती म्हणेल मीही येते. तर म्हणा, बाळाला काटे लागतील."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं. "मुके आहात पण साधे नाही आहात तुम्ही. बरं, एक सांगा. कुठल्या बोलण्यावरून लावलंत हे माझ्या तोंडात?"

"टॉवेल."

"टॉवेल?"

"घडी."

बाईंना आठवायला वेळ लागला. आठवल्यावर त्या जरा वरमल्या, पण फार नाही. "तेव्हापासून मनात ठेवलंत?"

"मनात कुठं," काका म्हणाले. "टाळूत."

या वेळी बाईंनी आधी हात तोंडावर ठेवला आणि मग हसल्या.

"मग आता माझंही ऐका. पहिली गोष्ट, खालचा जबडा कुठंय? एकटा वरचा काय शोभेचा ठेवलाय? तोही रोप लावून आणून द्यायचा. आणि दुसरी गोष्ट, एक साचा तुमचा. तुमच्या तोंडाचा. माझं तोंड उघडं टाकून तुम्ही मजा बघता, तुमचंही माझ्या खिडकीत पाहिजे."

"मला दात आहेत," काका घाबरून म्हणाले.

"असू देत की. दातांसकट चालेल. तुमच्या तोंडातून शब्द निघत नाही, एखादं पिल्लू तरी निघतंय का बघू."

मुलगी चहा घेऊन आली तेव्हा दोघंही गंभीर चेहऱ्यानं निवडुंगाकडे बघत होती. विहीणबाईंनी कप घेतला, एक घोट घेतला, चहाला नाव ठेवलं नाही.

"तू कळवून टाक त्या दुकानदाराला," त्या म्हणाल्या. "येते म्हणून. बाळाचं मी बघते. सुरुवातीला थोडे दिवस दुपारपर्यंतच, मला या झाडांचं शिकायला जायचंय तुझ्या बाबांकडे. मग पूर्ण दिवस."

मुलीच्या हातातला ट्रे वाकडा झाला. "आई! खरंच? पण अचानक कसं काय..."

"तुझ्या बाबांनी समजावलं मला. काय बोलतात गं! एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत."

मुलीनं बापाकडे पाहिलं. स्वेटरवर छातीशी एक पिल्लू अजून लटकत होतं.

"हं," काका म्हणाले.

पुढचे दिवस काकांना गडबडीचे गेले. विहीणबाई निवडुंग शिकायला मागच्या दारानं येत, पुढे जाऊन माप देत, आणि परत जाताना खरोखरच दोन गोष्टी शिकून जात, कारण घरी सून विचारी. पिल्लू तोडल्यावर लगेच लावायचं नाही, जखम सुकू द्यायची, हे त्या सुनेला इतक्या अधिकारानं सांगत की काकांनी ऐकलं असतं तर वही घेऊन बसले असते. नवी कवळी तयार झाली. काकांनी या खेपेलाही पुढचे दोन दात एकमेकांकडे झुकवले, पण चिमूटभर कमी. वय झालं की माणसानं जरा सरळ व्हावं, असं त्यांचं मत. बोलले नाहीत.

स्वतःचं माप द्यायची वेळ मात्र त्यांनी पुष्कळ लांबवली. शेवटी एका दुपारी पेशंट नसताना ते डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत जाऊन बसले.

"काका! दात दुखतोय?"

"नाही. माप घ्या. वरचं."

"कशासाठी?"

"असंच."

डॉक्टरीणबाईंनी लगदा कालवला आणि मापाचा भरलेला ट्रे त्यांच्या तोंडात दाबला. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं हाताळलेल्या काकांना ते घशाकडे सरकताना काय वाटतं हे त्या दिवशी कळलं. डोळ्यांत पाणी आलं, पाय खुर्चीवर आपटले. "नाकानं श्वास घ्या, काका, बोलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग आपण हे कुणाला सांगतोय हे लक्षात येऊन स्वतःच हसत सुटल्या.

आता विहीणबाईंच्या खिडकीत तीन कुंड्या आहेत. वरचा जबडा आणि खालचा जबडा समोरासमोर ठेवलेले, तोंड उघडून बसल्यासारखे. शेजारणी विचारतात या कुंड्या कुठं मिळतात. विहीणबाई म्हणतात, आमच्या व्याह्यांच्या ओळखीत एक कारागीर आहे. सून सकाळी कामावर जाते. आजी बाळाला मांडीवर घेते आणि ते दोन्ही हातांनी तिच्या तोंडाशी झोंबतं. कवळी हलत नाही. सफरचंदंही पुन्हा सुरू झाली आहेत.

तिसरी कुंडी काकांच्या तोंडाची, दातांची बाजू भिंतीकडे करून जरा बाजूला ठेवलेली, टाळूत एक अगदी जाडजूड पिल्लू टेकवलेली. काकांनी मुद्दाम उत्तम निवडलं होतं. पण ऊन तेच, चुरा तोच, चमचाही तोच असूनही त्याला काही केल्या पिल्लू फुटेना. जागा धरली, फुगलं, काटे चमकले, बाकी गप्प. विहीणबाई भेटल्या की विचारपूस करावी तशा सुरात सांगत, "तुमचं तोंड अजून बंदच आहे हो." आणि काका "बरं" म्हणत.

परवा संध्याकाळी घरी फोन वाजला. बायकोनं उचलला आणि लगेच नवऱ्याकडे दिला. "विहीणबाई आहेत. तुम्हीच हवेत म्हणतात. मला मेलीला कोण विचारतंय."

काकांनी फोन कानाला लावला. पलीकडून एकच वाक्य आलं आणि फोन बंद झाला.

"काय म्हणत होत्या?" बायकोनं विचारलं.

"निवडुंगाला पिल्लू फुटलं."

"मग त्यात एवढं हसायला काय झालं? अहो, किती वर्षांनी दात दिसले तुमचे!"

काकांनी घाईघाईनं तोंड मिटलं. पण जरा उशीरच झाला होता, आणि बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी होती, सगळं ऐकल्याखेरीज हलणार नाही अशी.